काळीची टकटक

आमच्या घरात रॉकेलवर पहिला हक्क काळीचा होता, मग चुलीचा, आणि उरलंसुरलं तर कंदिलाचा. काळी म्हणजे म्हैस नव्हे, दादांची मोटारसायकल. दादा, म्हणजे माझे वडील, पेडगावच्या ढोरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. पण आसपासच्या खेड्यांत त्यांना सगळे डॉक्टरच म्हणत आणि दादा ते कधी दुरुस्त करत नसत. गाडी त्यांनी कुणाकडून तरी जुनीच घेतलेली. आमच्याकडे आल्यावरही ती इतकी चालली की मीटरचे सगळे आकडे नवावर जाऊन परत शून्यावर आले. त्या दिवशी दादांनी भर रस्त्यात गाडी थांबवली, उतरून मीटरला हात जोडले आणि घरी येऊन मायला म्हणाले, "ओवाळ हिला. नवा जनम झाला." मायनं ओवाळलं. माझ्या थोरल्या बहिणीला दिवस गेल्याचा निरोप घेऊन जिंतूरहून तिच्या सासरचा माणूस त्याच दिवशी आला होता, त्याच्यासाठी शिरा केलेला होता. त्या शिऱ्याचा पहिला घास काळीच्या टाकीवर ठेवला गेला. पाहुणा बघतच राहिला. आम्हाला मात्र त्यात बघण्यासारखं काही आहे हे ठाऊकच नव्हतं.

रविवार उजाडला की ओसरीवर पोतं अंथरलं जायचं आणि त्यावर काळी उघडी पडायची. दादांनी तिला कधी मिस्त्रीकडे नेलं नाही. "मिस्त्री हात लावतो, जीव लावत न्हाई," असं त्यांचं म्हणणं. पाने, पक्कड, पेचकस, पॉलिशपेपर, दाढीची जुनी ब्लेडं असा सगळा संसार एका पत्र्याच्या पेटीत असे. ती पेटी न विचारता उघडली की बोटांवर पाना बसे. चेन आधी रॉकेलात घोळायची आणि मग ग्रीसमध्ये उकळायची, आणि त्याला लागायची मायची लोखंडी कढई. ती कढई मायच्या आईनं सोनपेठच्या आठवडी बाजारातून टिचक्या मारमारून निवडून घेतलेली, लेकीच्या लग्नात दिलेली. माय एकदाच म्हणाली, "दुसरं एखादं भांडं घ्या की." दादांनी तिच्याकडे न बघता चुलीवरची कढई उतरवली, तिच्यातली भाजी परातीत ओतली आणि तिथल्या तिथं ग्रीस टाकलं. पुढे किती राख घासली, किती चिंच लावली, पण त्या कढईचा वास गेला नाही. माझ्या माहेरी त्यानंतर पुरी तळली गेली नाही.

आणि दादांचं ते एक वाक्य. येसराची आमटी ताटात निवून तिच्यावर साय धरायची, भाकरी वातड व्हायची, आणि माय दारातून म्हणायची, "आवो, जेवायला." आतून उत्तर यायचं, "बस जरा, झालंच." ते जेवल्याशिवाय आम्ही जेवायचं नाही, हा नियम. मग आम्ही मायलेकी ताटांवर राखण बसायचो. माशा वारायच्या आणि ओसरीवर पान्याचा खुळखुळाट ऐकायचा. "झालंच" म्हणजे किती, हे विचारायची सोय नव्हती. दवाखान्यात कुणाचा बैल फुगून पडलाय म्हणून माणूस धावत आला, तर मात्र दादा हातातला पाना टाकून उठायचे. ढोराला हात लावायचे तेव्हा इतका हळू लावायचे की मला त्या ढोराचा हेवा वाटायचा. सांगून टाकते, खरंच वाटायचा.

काळीचं एक काम माझ्याकडे होतं, ऐकायचं. मोठ्या पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची, की आतलं सगळं ऐकू येतं. माझा कान तिखट होता. आत कुठे खरखर आहे, कुठे शीळ आहे, कुठे टकटक आहे, हे मी डोळे मिटून सांगायची. ही टकटक टॅपेटची. इंजिनाच्या डोक्यात झडपा असतात, त्यांना दाबणाऱ्या दांड्यात आणि झडपेत ब्लेडभर फट ठेवायची असते. फट वाढली की टकटक वाजते. दादा ती फट दाढीचं ब्लेड सरकवून मोजायचे. बरोबर सांगितलं तर ते "हं" म्हणायचे, चुकलं तर ज्या कानानं ऐकलं त्याच कानाखाली बसायची. आता परभणीत माझा नातू त्याची नवी गाडी धुवायलासुद्धा बाहेर देतो. तो फाटकातून आत येतो तेव्हा मला भाजी फोडणीला टाकता टाकता कळतं की चेन सैल झालीय आणि मागचा ब्रेक घासतोय. मी त्याला सांगत नाही. ह्या घरात मला कुणाचं इंजिन ऐकायचं नाही.

काळीची टकटक मूळची. एवढं पळालेलं यंत्र, आतलं लोखंड झिजलेलं, ते वाजणारच. पेडगावच्या पोरांना ती टकटक ओळखीची झाली होती. दादा वळणावर आहेत तोवरच पोरं गोट्या उचलून पळायची. पण थोरलीच्या लग्नात सोनपेठचा मामा, मायचा पाठचा भाऊ, मांडवात चारचौघांसमोर बोलून गेला. दादा नवऱ्या मुलाच्या चुलत्यांना काळीचं कौतुक सांगत होते, तेवढ्यात मामा म्हणाला, "दाजी, तिचे दात बघा एकदा. लय टकटक करायली म्हातारी. बाजार दाखवायची येळ झाली." ढोराचं वय दातांवरून सांगणारा माणूस, आणि त्यालाच हे. मांडव हसला. दादाही हसले, पण त्यांच्या हातातली सुपारी तशीच राहिली आणि अडकित्ता बंद झाला नाही. मामाला वाटलं गंमत झाली. बहीण कुणाच्या घरात राहते याचा त्यानं जरा विचार करायला पाहिजे होता. त्या दिवसानंतर माय माहेरी गेली नाही. दादा नाही म्हणायचे नाहीत. "काळी नीट झाली की नेतो" म्हणायचे.

एका रविवारी सकाळी काळीचं डोकं उघडून दादा झडपा घासत बसले होते. आमचं घर रस्त्याला लागून, परभणीकडे जाणारी येष्टी दारावरून जायची. गावातल्या किराणा दुकानात फोन होता, तिथला माणूस सायकल न थांबवताच एक पाय ओट्यावर टेकून म्हणाला, "वहिनी, सोनपेठहून फोन हाय. म्हातारीचं काही खरं न्हाई. लेकीला बोलवायली, लवकर या म्हणले." माय भाकरी थापत होती. तिनं पिठाचे हात तसेच परातीत ठेवले आणि दादांकडे बघितलं. दादांनी मान वर केली नाही. "सकाळची येष्टी यायची हाय अजून," माय म्हणाली. "परभणीत सोनपेठची गाडी मिळती."

"येष्टीनं कामून?" दादा म्हणाले. "घरी गाडी असताना डॉक्टरची बायको धक्के खात जाणार? लोकं काय म्हणतील? काळीवर नेतो. बस जरा, झालंच."

मायनं पटापट आवरलं. ठेवणीतलं लुगडं नेसली, केस बांधले. आजीला धपाटे आवडायचे, तोंडात दात नव्हते तरी दह्यात कुस्करून खायची. मायनं धपाटे लाटले, भाजले, फडक्यात बांधले आणि ते गाठोडं मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसली. सकाळची येष्टी आली आणि गेली. धूळ खाली बसायच्या आत दादांनी डोकं बसवलं, नट आवळले, किक मारली. काळी सुरू झाली. दादांनी मला पेचकस दिला. मी ऐकलं. टकटक होती. मी सांगितलं, "येतोय आवाज."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. टॅपेट गरम इंजिनावर लावायचं नसतं. इंजिन पार गार झाल्याशिवाय त्याला हात लावला की हिशेब चुकतो. दादा ह्या बाबतीत फार कडक. म्हणजे एकदा सुरू करून ऐकलं आणि टकटक निघाली, की गाडी बंद करून नुसतं बसून राहायचं, ती गार होईस्तोवर. दादा भिंतीला टेकून तंबाखू मळत बसले. वारा यावा म्हणून मला पुठ्ठा दिला आणि इंजिनाला वारा घालायला लावलं. आजी तिकडे शेवटच्या घटका मोजत होती आणि मी इकडे लोखंडाला वारा घालत होते. माय उंबऱ्यातून म्हणाली, "आवो, आवाज यायलाय तर येऊ द्या की. चालती तर हाय."

"तुझ्या भावाला ऐकवायला?" दादा म्हणाले. "दात मोजायला बसलाय तो तिथं. आवाज गेल्याबिगर ही सोनपेठच्या रस्त्याला लागायची न्हाई."

तेव्हा कळलं. आजी, माय, फोन, कशाशीच त्यांना देणंघेणं नव्हतं. त्यांना मामाच्या दारात बिनआवाजाची गाडी उभी करायची होती. मायलाही कळलं असणार, कारण त्यानंतर ती नुसती गाठोड्याची गाठ सोडायची आणि परत बांधायची.

गार झाल्यावर दादांनी झाकण काढून फट धरली, ब्लेड सरकवलं, पुन्हा आवळलं. दुपारच्या येष्टीची वेळ झाली होती. काळी सुरू केली, मला पेचकस दिला. टकटक होती, सकाळपेक्षा जरा कमी, पण होती. मी मायकडे बघितलं. दुपारची येष्टी गेली तर पुढची पार संध्याकाळी. मी पेचकस खाली ठेवला आणि म्हणाले, "न्हाई येत, दादा. गेला आवाज."

दादांनी माझ्याकडे बघितलं, मग पेचकस स्वतःच्या कानाला लावला. बराच वेळ ऐकलं. काळी बंद केली, पेचकस पेटीत ठेवला, पेटीचं झाकण लावलं, सगळं सावकाश. मग माझा उजवा हात मनगटाला धरला आणि तळवा इंजिनाभोवतीच्या लोखंडी पात्यांवर दाबला. इंजिन नुकतंच बंद केलेलं. ते ओरडले नाहीत, दात ओठ खाल्ले नाहीत. शाळेत मास्तर सांगतात तसं समजावून म्हणाले, "मशिनीपुढं खोटं बोलायचं न्हाई." त्या पात्यांच्या ओळी माझ्या तळव्यावर अजून आहेत. मुलगा बघायला आले तेव्हा सासूबाईंनी विचारलं होतं, मी म्हणाले, तव्यावर पडले. भाकरी करणारी बाई त्यावर लगेच विश्वास ठेवते.

माय धावत आली. तिनं माझा हात माठात बुडवला, परसातली कोरफड आणून चोळली, आणि घाईत तिचा चीक माझ्या झग्यावर सांडला. तेवढ्यात दुपारची येष्टी गेली. कोरफड लावून झाल्यावर माय उभी राहिली, गाठोडं उचललं, आणि संध्याकाळपर्यंत रस्त्याच्या कडेला बाभळीखाली जाऊन बसली. एवढं ठेवणीतलं लुगडं नेसून मातीत. येणारी-जाणारी विचारायची, "कुठं निघालीस?" तर म्हणायची, "माहेरी." दादा मधेच एकदा तिच्याकडे गेले. मला वाटलं बोलवायला गेले. त्यांना भूक लागली होती. त्यांनी तिच्या मांडीवरचं गाठोडं सोडलं, ग्रीसच्या हातानं दोन धपाटे काढले आणि तिथंच उभ्यानं खाल्ले. "झकास झालेत," म्हणाले आणि परत येऊन पोत्यावर बसले.

संध्याकाळची येष्टी आली. मायनं हात केला, गाडी थांबली. कंडक्टर ओळखीचा, त्याच्या म्हशीचं वेत दादांनी सोडवलेलं. त्यानं दार उघडलं, माय पायरीवर पाय ठेवणार, तेवढ्यात ओसरीवरून दादांनी हातातला पाना उंच धरून हलवला आणि हसत हसत म्हणाले, "जाऊ द्या साहेब, जाऊ द्या. आमी काळीवर निघालोत. ही उगं उतावीळ झाली." कंडक्टरही हसला. मायला म्हणाला, "डॉक्टर हायेत की वहिनी, कशाला धक्के खाताव," आणि दोनदा घंटी मारली. भरल्या येष्टीसमोर नवऱ्याचा शब्द खोडायचा, हे मायच्या पिढीत कुणाच्या बापजन्मी घडलं नव्हतं. ती पाय मागे घेऊन उभी राहिली. येष्टी वळणाआड जाईपर्यंत ती तिच्याकडे बघत होती. मला माझ्या आयुष्यात कुणाचा इतका राग आला नाही, जितका त्या हसणाऱ्या कंडक्टरचा आला. दादांचा राग येण्याची तेव्हा माझी हिंमतच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी टकटक गेली. दादांनी शेवटी काय केलं असेल ते मी आज सांगू शकते: त्यांनी फट ठेवलीच नाही. दांडा झडपेला टेकवून आवळून टाकला. वाजायला जागाच नाही, तर वाजणार कुठून? कुठलाही मिस्त्री सांगेल, वाजणारं टॅपेट परवडलं. मुकं टॅपेट आतून झडप जाळतं. दादांना हे कळत नव्हतं असं नाही. त्यांना त्या दिवसापुरती मुकी गाडी हवी होती. मी टाकीवर, दादा मधे, माय मागे, असे आम्ही मानवत-पाथरीवरून सोनपेठला निघालो. काळी शिवणयंत्रासारखी चालली. दादा वाटेत दोनदा मान वळवून म्हणाले, "ऐक. ऐकू यायलंय का काही?" माय म्हणाली, "न्हाई."

आमच्याकडे लेक मैतीला येते ती वेशीपासून गळा काढत येते. पायी, डोक्यावरचा पदर घसरलेला, आणि गल्ली तिचा आवाज ऐकून दारात येते. मग बाया पुढे होऊन तिला धरतात. सोनपेठच्या वेशीत आम्हाला बांबूचे तुकडे आणि फुटक्या मडक्याची खापरं दिसली. मायनं दादांच्या खांद्यावर हात दाबला. "थांबवा. मला उतरू द्या." दादांनी ऐकलं नाही, किंवा ऐकून गाडी रेटली. बाजारातून, गल्लीतून, वाटेतल्या माणसांना हॉर्न देत थेट मामाच्या दारात नेऊन उभी केली. माणसं नुकतीच नदीवरून आंघोळ करून परतली होती, ओली धोतरं दोरीवर होती. गल्लीला लेकीचा हंबरडा ऐकू यायच्या ऐवजी मोटारसायकल ऐकू आली. माय उतरली ती दारातच उभी. आता गळा कुठून काढायचा, तिला कळेना. बाया तिच्याकडे बघत होत्या आणि तिचं तोंड कोरडं. एक म्हणाली, "डोळ्यात टिपूस न्हाई बघ." मी ऐकलं ते, माझा कान तिखट.

दादा गाडीवरच बसून होते. मुंडण केलेला मामा बाहेर आला तेव्हा त्यांनी मूठ पिळून काळीला जरा चढवलं, पुन्हा उतरवलं. म्हणाले, "ऐका. दात वाजायलेत का?"

मामा त्यांच्याकडे बघत राहिला. त्याला आधी अर्थच लागला नाही. लागला तेव्हा तो खाली बसला, पायरीवरच, आणि मायला म्हणाला, "अक्का, काल दिवसभर माय एकच इचारायली. काळीची टकटक आली का बघा रे. रस्त्याकडं कान लावून पडली होती. कुणाची फटफटी गेली की म्हणायची, ही न्हाई, ही टकटक करत न्हाई. सांजेपर्यंत इचारत होती."

दादांनी काळी बंद केली. एवढा एक शहाणपणा त्यांना सुचला. माय आत गेली, आजीच्या रिकाम्या जागेपाशी ठेवलेल्या दिव्यासमोर उरलेले धपाटे सोडून ठेवले आणि बसून राहिली. तेराव्यापर्यंत ती तिथं होती, पण रडली नाही. गावानं तिला दगड ठरवलं.

परत येताना काळी चढावर दमायला लागली ती कायमची. आणि वर्ष दोन वर्षांत दादाही पडले. दवाखान्यातच पडले, कुणाच्या तरी गाईचा पाय बांधता बांधता. लकवा. उजवी बाजू गेली, वाचा गेली. परभणीला नेलं, महिनाभर ठेवलं, आणि परत आणून ओसरीवर बाजेवर टाकलं. समोर, हात लांब केला असता तर लागली असती इतकी जवळ, काळी. कान मात्र शाबूत होता. डॉक्टर म्हणाले होते, ह्यांना सगळं कळतं, बोलता येत नाही एवढंच. मायनं ते नीट ऐकून घेतलं. पुन्हा एकदा विचारून घेतलं, "सगळं ऐकू येतं म्हणताव?"

भंगारवाला येऊन गेला, मामा निरोप पाठवून थकला, पण मायनं काळी विकली नाही. एके दिवशी सकाळी तिनं दादांना चहा पाजला, तोंड पुसलं, लुगड्याचा कासोटा आवळला आणि पत्र्याची पेटी उघडली. इतकी वर्षं उंबऱ्यात बसून तिनं काय काय बघून ठेवलं होतं ते तेव्हा कळलं. तिनं टॅपेटचं झाकण खोललं, नट सैल केला, पेचकसानं दांड्याला पीळ दिला आणि पुन्हा आवळला. दाढीचं ब्लेड तिला लागलं नाही. मग किक मारायला लागली. शेजारची पोरं दात काढत जमा झाली, बाईमाणूस किक मारतंय म्हणून. ती मारत राहिली. काळी सुरू झाली आणि टकटक करायला लागली.

दादांचा डावा हात बाजेच्या लाकडावर आपटायला लागला. गळ्यातून घुंऽ घुंऽ असा आवाज. मायनं मला हाक मारली आणि पेचकस हातात दिला. "ऐक," म्हणाली. "अन् मोठ्यानं सांग तुझ्या दादाला. मशिनीपुढं खोटं बोलायचं न्हाई."

मी ऐकलं. तळवा त्या पात्यांपासून वीतभर लांब होता. "टकटक यायलीय," मी मोठ्यानं सांगितलं. दादांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मला वाईट वाटलं नाही. आता साठी उलटलीय, नातवंडं आहेत, देवधर्म करते, आणि आजही वाटत नाही.

मग रोज सकाळी. चहा, तोंड पुसणं, अंग पुसणं, कूस बदलणं, आणि काळी. दादांना एक जखम झाली नाही पाठीला, इतकी मायची सेवा चोख. गावातल्या बाया म्हणायच्या, अशी बायको मिळायला पुण्य लागतं. आणि रोज ती दांड्याला जरासा पीळ द्यायची, टकटक जरा वाढवायची. गाडी चालू ठेवून ती उंबऱ्यात बसायची, मांडीवर हात ठेवून, रस्त्याकडे बघत. दादा लाकडावर हात आपटायचे, बंद कर, बंद कर. माय म्हणायची, "बसा जरा, झालंच." मजा अशी की टॅपेट मोकळं झाल्यानं काळी त्या दिवसांत जितकी गुणानं सुरू व्हायची तितकी दादांच्या हातात कधी झाली नव्हती. ते दादांनाही कळत असणार. कधी कधी मला वाटे माय दादांना ऐकवत नाहीच आहे. ती रस्त्याकडे इतकी एकटक बघायची की तिला ती टकटक पार सोनपेठपर्यंत पोचवायची आहे असं वाटावं. एकदा मी म्हणाले, "माय, बास झालं आता." तिनं माझा उजवा हात उलटा केला, तळवा बघितला आणि सोडून दिला.

दादा गेले तेही काळी चालू असताना. बाजेवरचा हात आपटायचा थांबला. मायनं उठून बघितलं, नाकाशी बोटं धरली. मग तिनं काळी बंद केली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा सकाळच्या त्या वेळी आमच्या ओसरीवर काही वाजत नव्हतं. त्या शांततेत मायनं गळा काढला. असा काढला की वरच्या आळीच्या बाया लुगडी सावरत धावत आल्या, रस्त्यावरचे लोक थांबले. दुपारी मामा येष्टीनं आला तरी ती रडतच होती. पण जे शब्द ती रडत होती ते ऐकून बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. "माय गं, मला यायला येळ झाला गं. तू रस्त्याकडं कान लावून पडलीस गं. माझ्या हातचा धपाटा तुझ्या तोंडी लागला न्हाई गं माय." मामा दारात चप्पल काढत होता, तो एका पायात चप्पल घेऊन तसाच उभा राहिला.

"नवरा पडलाय समोर अन् ही आईला रडायली," कुणीतरी कुजबुजलं. शेवटी शेजारची म्हातारी सोनामावशी पुढे झाली. तिनं मायच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "बाई, लोकं ऐकायलेत. आता तरी धन्याचं नाव घे."

मायनं पदरानं तोंड पुसलं, मावशीकडे बघितलं आणि म्हणाली, "बस जरा, झालंच." आणि परत तिच्या आईला रडायला लागली.